जिप्सी खालून बघायची

आमची काजूची बाग साखरप्याच्या वर, सड्याच्या (कातळ पठाराच्या) अंगाला आहे. डांबर ओढ्यापाशी संपतं आणि तिथून पुढे लाल मातीचा चढ लागतो. उन्हाळ्यात तो कुठलीही गाडी चढते. पावसात त्याच मातीवर चपलेनेही धड चालता येत नाही. टेम्पो ओढ्याच्या अलीकडे उभा राहतो आणि खताची पोती गड्यांच्या पाठीवरून वर जातात. गडी आता पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि तरुण पोरं असल्या कामाला येत नाहीत. म्हणून चारही चाकांना जोर देणारी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

घरात थार, बोलेरो, जुनी मेजर अशी सगळी नावं निघाली. मी जिप्सीवर ठाम राहिले. मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ साली १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० साली तिला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणारं, इंजिन मिळालं. मूळ सांगाडा मात्र शेवटपर्यंत तोच राहिला. बॉडीपासून वेगळी लोखंडी चासी, पुढे-मागे अखंड हाउसिंग (दोन चाकांना जोडणारं एक्सलचं लोखंडी कवच), चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंग. कापडी हुडाची जिप्सी हजार किलोच्या आत भरते. निसरड्या मातीवर हलकी गाडी जेवढी तरते तेवढी जड गाडी तरत नाही, हे मी इतरांच्या गाड्यांत बसून पाहिलेलं आहे. शिवाय ती अरुंद आहे, आणि आमच्या वाटेला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे आहेत.

गाडी बघायला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीमामांना बरोबर घेतलं. त्यांचं आयुष्य जीप आणि जिप्सीच्या खाली गेलंय. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, इंजिन शेवटी. आधी खाली झोपायचं. आणि मालकानं बॉनेट उघडलं तरी तिकडं बघायचं नाही."

त्यामागचा हिशेब त्यांनी समजावून सांगितला. जिप्सी किंगचं इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं आहे. त्याचे पार्ट अजून मिळतात, काम करणारे हात मिळतात, खर्चाचा अंदाज आधी सांगता येतो. चासी आतून खाल्ली असेल तर तिला इलाज नाही. आणि फोर बाय फोरचं, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर देणारं, सामान बिघडलेलं असेल तर ती नुसती मागच्या चाकांवर चालणारी, आपटत जाणारी जुनी गाडी. ज्या गोष्टीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो तीच गोष्ट बहुतेक मालकांनी वर्षानुवर्षं वापरलेली नसते. न वापरल्यामुळे ती बिघडलेली आहे हे त्यांनाही माहीत नसतं. त्यामुळे फसवायचा हेतू नसलेला माणूसही मोठ्या विश्वासाने "फोर बाय फोर एकदम ओके" असं सांगतो. तोंडच्या शब्दावर हा भाग कधीच घेऊ नये. हाताने तपासता येतो, आणि त्याला फार हत्यारं लागत नाहीत.

मामांच्या पिशवीत सतरंजी, बॅटरी, छोटी हातोडी, जॅक, दोन लाकडी ठोकळे, खडू, मोजपट्टी आणि एक लोहचुंबक असायचं. लोहचुंबक पत्र्यासाठी. डेंटिंगवाल्यांनी जिथे लांबी (पुट्टी) भरलेली असते तिथे ते चिकटत नाही.

पहिली गाडी रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बघितली. रंग झकास, नवं हुड, नवे टायर. खालून पूर्ण काळं अंडरकोटिंग मारलेलं, तेही ताजं. मामांनी त्या काळ्या थरावर हातोडीने हलकेच ठोकत जायला सुरुवात केली. निरोगी लोखंड टणटण वाजतं. मागच्या चाकांच्या वर, जिथे चासी कमान घेऊन हाउसिंगवरून जाते, तिथे आवाज बद्द झाला. थोडं जोरात मारल्यावर काळ्या थरासकट तांबूस पापुद्रा खाली सतरंजीवर पडला. पाट्याचं शॅकल जिथे चासीला धरतं तिथेही तीच गत. खाऱ्या वाऱ्यातली गाडी बाहेरून कितीही रंगवली तरी चासीच्या पोकळीत मीठ आणि ओल साठून राहते. तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून गंज आतून बाहेर येतो.

त्या मालकांना आम्ही नमस्कार करून निघालो. कोकणातच गाडी वापरायची असताना कोकणातली गाडी घ्यायची नाही हे विचित्र वाटेल, पण तेव्हापासून मी घाटावरच्याच गाड्या बघितल्या. आपल्या ताब्यात आल्यावर गाडी धुणं, तेल मारणं आपल्या हातात असतं. आधीची वीस वर्षं कोणाच्या हातात नसतात.

गंज कुठे बघायचा ते त्या गाडीवर शिकले. चासीच्या मागच्या कमानी, पाट्यांचे ब्रॅकेट, बॉडी ज्या रबरांवर बसते त्या जागा, पुढच्या चाकामागचा पत्रा, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून तिथली जमीन, बॅटरीच्या ट्रेच्या खाली, आणि पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड. मॅट उचलायला मालक का कू करत असेल तर आपणच उचलावी.

दुसरी गाडी साताऱ्याकडे, मिलिटरीच्या लिलावातून आलेली. लष्कराकडून निघालेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात, कोणी व्यापारी त्या घेतो, दुरुस्त करतो, आरटीओत नोंदवतो आणि पुढे विकतो. त्यात चांगल्या गाड्याही असतात. लष्कराची देखभाल वेळच्या वेळी होते आणि चासी बहुधा ठणठणीत सापडते. ही तशीच होती. ठोकून बघितलं, कुठेही बद्द आवाज नाही. मला ती मनातून आवडली होती.

इथे जिप्सीची रचना थोडी सांगायला हवी. गिअरबॉक्स वेगळा आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी ट्रान्स्फर केस वेगळी, दोघांना जोडणारा एक आखूड शाफ्ट. ट्रान्स्फर केसमधून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. छोट्या लिव्हरवर टू एच, फोर एच आणि फोर एल असतं. टू एचमध्ये फक्त मागची चाकं ओढतात, फोर एचमध्ये चारही, आणि फोर एलमध्ये चारही चाकं कमी वेगात पण जास्त ताकदीने. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये, दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. फोर एच लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि एकाच गतीने फिरतात. म्हणून कोरड्या डांबरावर फोर एच लावून वळायचं नसतं. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ती फरक सोडवू शकत नाहीत आणि सगळ्या दात्यांवर ताण येतो. काही जिप्सींच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी फिरवायचं हबही असतं. ते लॉक केलं तरच चाक एक्सलला जोडलं जातं.

व्यापाऱ्याने लिव्हर फोर एचला टाकली. डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा लागला. "बघा," तो म्हणाला.

मामा म्हणाले, "दिवा लिव्हरचा हाय, चाकाचा न्हाई."

तो दिवा ट्रान्स्फर केसमधल्या स्विचवर लागतो. लिव्हर जागेवर गेली एवढंच तो सांगतो. तिथून पुढे शाफ्ट, डिफरन्शियल, एक्सल, जॉइंट, हब एवढा प्रवास आहे आणि त्यातला एकही टप्पा दिव्याला दिसत नाही. मामांनी मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि दगड लावले. दोन्ही हब लॉक केली. इंजिन बंद, पहिला गिअर, लिव्हर फोर एचला. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचललं आणि मला म्हणाले, "फिरवा ताई."

सगळं जोडलेलं असेल तर हे चाक फिरता कामा नये. दुसरं पुढचं चाक जमिनीवर घट्ट आहे, डिफरन्शियल शाफ्टमधून मागच्या चाकांशी बांधलेलं आहे, तेव्हा दात्यांमधल्या फटीएवढं ते इकडून तिकडे हलेल आणि अडेल. ते चाक माझ्या हाताने गरागरा फिरलं. दोन्ही बाजूंपैकी कुठेही एक्सल तुटलेला असेल, जॉइंट गेलेला असेल किंवा हब पकडत नसेल तर असंच होतं. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तसा आहे, जिकडे वाट मोकळी मिळते तिकडे ते सगळा जोर सोडून देतं. मामांनी डावं हब उघडायला लावलं. आत एक्सल शाफ्टच नव्हता. कोणीतरी कधीतरी तुटलेला काढून टाकला असणार आणि हबचं झाकण परत लावून ठेवलं असणार. व्यापाऱ्यालाही ते खरंच ठाऊक नसावं, त्याचा चेहरा उतरला. "बसवून देतो" म्हणाला, पण ज्या गाडीचा एक्सल असा नाहीसा होतो तिच्यात आणखी काय नाही हे शोधत बसायची माझी तयारी नव्हती.

ही एक तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. तिला गॅरेज लागत नाही. जॅक, ठोकळे आणि दहा मिनिटं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नये, आणि मागची चाकं अडवल्याशिवाय जॅक लावू नये.

पुण्यात एका व्यापाऱ्याकडे दिल्लीहून आलेल्या गाड्या होत्या. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात. कोरड्या हवेमुळे चासी चांगल्या मिळतात. पण इकडे नोंदवताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, नवा नंबर घ्यावा लागतो, आणि पंधरा वर्षं उलटलेली असतील तर पुनर्नोंदणीची तपासणी वेगळी. तिथल्या एका जिप्सीत तर दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं आणि आरसीवर इंधन पेट्रोल. "सगळे करतात" असं उत्तर मिळालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलेलं आहे. अशा गाडीचा अपघात झाला तर विम्याच्या दाव्याला पहिला धक्का तिथेच बसतो. बागेत गडी बसून जाणार असतील तर मला ती जोखीम मान्य नाही. तिथे आम्ही खाली झोपलोही नाही.

शेवटी घेतली ती गाडी आजऱ्याकडची. एमएच ०९, २००९ ची एमपीएफआय, हुडाची. मालक शेतकरी, ऊस आणि थोडा काजू. एकाच घरात राहिलेली गाडी. रंग उन्हाने उडालेला, सीट फाटलेल्या, एका दाराला पोचा. मामांना ती लांबूनच बरी वाटली. रंग जुना असला की लपवायला जागा कमी उरते.

चासी ठोकून झाली. मागच्या आडव्या पट्टीवर वरवरचा गंज होता, पण खरवडल्यावर खाली लोखंड चकाकत होतं. मग मोजपट्टी काढली. चाकं सरळ करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं. जिप्सीचं हे अंतर २३७५ मिलिमीटर. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून हाउसिंग सरकलेलं असेल किंवा चासी वाकलेली असेल तर दोन बाजूंत फरक येतो आणि अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. दोन्ही बाजू जुळल्या.

चारही टायर एकाच मापाचे होते. हे मुद्दाम बघावं, कारण पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असले की फोर एचमध्ये ते एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस झिजते. मोठे टायर बसवलेल्या गाड्या दिसायला रुबाबदार असतात, मला त्यांची भीती वाटते. मोठ्या टायरचा सगळा भार पुढच्या एक्सलच्या जॉइंटवर पडतो आणि चिखलात स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस केली की तो जॉइंट तुटतो.

मग पुढची चाकं. जिप्सीच्या पुढच्या हाउसिंगच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळा असतो, त्यावर चाकासकट वळणारं नकल फिरतं, वर आणि खाली ते ज्यावर वळतं त्या किंगपिनची बेअरिंग. गोळ्याच्या आत ग्रीस भरलेलं आणि बाहेरून सील. डाव्या बाजूला गोळ्यावरून काळपट, पातळ रबडी ओघळलेली होती. मामांनी बोटावर घेऊन वास घेतला. नुसतं ग्रीस घट्ट असतं. पातळ झालं म्हणजे एक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलमधलं ऑइल येऊन ग्रीसमध्ये मिसळतंय. ती रबडी पांढरट असती तर पाणीही शिरलंय असं समजायचं. इथे पाणी नव्हतं. "सील बदलायचं काम हाय. पण आत काय खाल्लंय ते उघडल्याबिगर सांगता येत न्हाई," मामा म्हणाले. ही रक्कम त्यांनी मनात धरली.

चाक उचलून वर आणि खाली धरून हलवलं तर थोडं खटखटलं. इथे मामांनी मला आत बसून ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि परत हलवलं. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे व्हील बेअरिंगचा प्ले, म्हणजे सैलपणा, नाहीसा होतो. तरीही खटखट राहिली तर तो प्ले किंगपिनचा. उजव्या बाजूला खटखट थांबली, डाव्या बाजूला राहिली. म्हणजे उजवीकडे बेअरिंग आवळायचं काम आणि डावीकडे किंगपिनची बेअरिंग बदलायची. जिप्सीचं स्टिअरिंग पन्नास-साठच्या वेगाला अचानक थरथरायला लागतं, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. लोक व्हील बॅलन्सिंग करत बसतात.

पुढचा प्रोपेलर जागेवर होता. हेही गृहीत धरू नये. ॲव्हरेज वाढावं म्हणून तो काढून माळ्यावर टाकणारे मालक असतात. दोन्ही शाफ्ट हाताने पिळून बघितले, मागच्या शाफ्टच्या एका क्रॉसला (शाफ्टच्या सांध्याला) प्ले होता. ट्रान्स्फर केस तीन रबरी माउंटवर लटकते. त्यातलं एक चिरलेलं. मालक म्हणाले, "छोटी लिव्हर लय थरथरती," त्याचं कारण तेच.

डिफरन्शियलचे भरायचे बोल्ट मालकांच्या परवानगीने उघडले. आत बोट घालून ऑइल बाहेर काढलं. मागचं काळं, पण स्वच्छ. पुढच्याची पातळी कमी, ते डाव्या गोळ्यात गेलेलं. दोन्हीकडे दुधाळ रंग नाही, बोटावर चमचमणारा चुरा नाही. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत पाणी असं शिरतं की तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात उतरल्यावर आतली हवा आक्रसते. हवा ये-जा करायचं भोक, म्हणजे ब्रीदर, तुंबलेला असला की ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. ज्यांची वाट ओढ्यातून आहे त्यांनी ही बोटाची तपासणी सोडूच नये.

आणखी एक तपासणी मामांनी केली ती मी आधी कुठेच बघितली नव्हती. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं दात्यांचं प्रमाण एकच असावं लागतं. जुन्या छोट्या इंजिनाच्या जिप्सीचं प्रमाण किंगपेक्षा वेगळं आहे, आणि भंगारातून आणून एका बाजूला बसवलेलं डिफरन्शियल बाहेरून ओळखू येत नाही. टू एचमध्ये ते कळणारही नाही. फोर एच लावलं की गाडी अडखळते आणि काही दिवसांत काहीतरी तुटतं. मामांनी हब लॉक करून, लिव्हर टू एचला ठेवून पुढचं एक चाक उचललं, चाकावर आणि प्रोपेलरवर खडूने रेघ मारली आणि चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवलं. मी प्रोपेलरचे फेरे मोजले, चारला जरा कमी. मग पुढची चाकं अडवली, मागचं जमिनीवरचं चाकही दोन्हीकडून अडवलं, हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रल केला, हब मोकळी केली आणि मागचं एक चाक उचलून तेच केलं. तिथेही चारला जरा कमी. किंगचं प्रमाण ३.९०९ आहे, आणि एक चाक जमिनीवर स्थिर असताना उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना प्रोपेलर तेवढाच फिरतो. दोन्ही आकडे जुळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

चाक अडतं का, ही तपासणीही झाली. फोर एचला चाक दात्यांच्या फटीएवढं हललं आणि अडलं. दोन्ही बाजूंना.

मग चालवून बघितली. मालकांच्या घरामागे मुरमाचा चढ होता. टू एचमध्ये अर्ध्यावर मागची चाकं फिरायला लागली. तिथेच थांबून फोर एल लावलं. मामा बाहेर उभे राहून पुढच्या चाकांकडे बघत होते. दोन्ही पुढची चाकं मुरूम पकडून ओढत होती. उतरताना फोर एलमध्येच पहिल्या गिअरवर पाय सोडून गाडी आणली, मध्ये हलकी रेस दिली, परत सोडली, आणि छोटी लिव्हर उडते का ते बघितलं. आतला गिअर सरकवणारा फोर्क झिजला असेल तर नेमकी उतारावर, रेस सोडल्यावर लिव्हर न्यूट्रलला उडते आणि इंजिनाचा ब्रेक एकदम नाहीसा होतो. आमच्या वाटेला उजव्या हाताला खोल दरी आहे, त्यामुळे ही गोष्ट मी परत परत करून बघितली. लिव्हर जागेवर राहिली.

इंजिनाकडे मामा सगळ्यात शेवटी गेले. आम्ही पोचलो तेव्हाच त्यांनी बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली होती आणि मालकांना आधी सुरू करू नका असं फोनवर सांगून ठेवलं होतं. गार इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं, निळा धूर नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकांना आठवत नव्हतं, म्हणजे तो बदलायचा. एवढ्यावर विषय संपला.

कागदपत्रांत मला स्वतःला जास्त लक्ष घालावं लागलं. चासीवर कोरलेला आणि इंजिनावरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर पडताळला, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छापा घेतला. पंधरा वर्षं २०२४ मध्ये पूर्ण झाली होती. मालकांनी पुनर्नोंदणी करून घेतली होती, ती पाच वर्षांसाठी असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. हे सगळं झालेलं नसेल तर तो खर्च आणि हेलपाटे किमतीतून वजा करायला हवेत. नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलेली होती. कर्जाचा बोजा आरसीवर अजून दिसत होता, जरी कर्ज केव्हाच फिटलेलं होतं. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देणार नाही असं मी सांगितलं. मालकांना ते पटलं. ई-चलन ऑनलाइन बघितली, काही बाकी नव्हतं.

व्यवहाराला आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. त्यांनी चार लाख सांगितले होते. मामांनी वहीच्या पानावर कामं लिहिली: डावं सील आणि किंगपिन, उजवं व्हील बेअरिंग, एक क्रॉस, ट्रान्स्फर केसचं माउंट, टायमिंग बेल्ट, सगळी ऑइल. प्रत्येकापुढे आकडा. पान मालकांच्या पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यात एक रुपया वाढवून लिहिला असंल तर खोडा." मालकांनी पान नीट वाचलं. डाव्या चाकाच्या रबडीबद्दल त्यांना माहीत होतं, बाकीचं नव्हतं. "मला वाटलं ग्रीस जास्त झालंय," ते म्हणाले. तीन लाख चाळीस हजारांवर ठरलं. घासाघीस अशी झालीच नाही. दोष हाताने दाखवला आणि त्याचा खर्च प्रामाणिकपणे मांडला की समोरचा माणूसही सरळ बोलतो.

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. बोजा उतरल्यावर उरलेली रक्कम दिली आणि विम्याच्या हस्तांतराचा अर्ज लगेच टाकला, त्याला चौदा दिवसांची मुदत असते.

गाडी तिथून थेट उद्यमनगरात गेली. डावा गोळा उघडल्यावर आतला जॉइंट सुदैवाने गुळगुळीत निघाला, गोट्यांच्या खाचांत खड्डे पडले नव्हते. दोन्ही बाजूंची सील आणि किंगपिनची बेअरिंग बदलली, एकाच बाजूची बदलणं मामांना मान्य नव्हतं. चिरलेल्या माउंटबरोबर उरलेली दोनही बदलली. टायमिंग बेल्ट, क्रॉस, ऑइल झालं. मागच्या पट्टीवरचा गंज घासून रेड ऑक्साइड मारलं.

पाऊस लागायच्या आत एक काम मी सांगून करून घेतलं. पुढच्या आणि मागच्या हाउसिंगचे ब्रीदर काढून तिथे रबरी नळी जोडली. पुढची बॉनेटच्या आत, बॅटरीच्या उंचीपर्यंत नेली. मागची बॉडीच्या आतल्या बाजूने वर चढवली. आमच्या ओढ्याला ऑगस्टमध्ये पाणी हबच्या वर येतं, तेवढ्यात या नळ्यांची तोंडं कोरडी राहतील. ऑगस्ट संपला की दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल परत बोटावर घेऊन बघायचं ठरलंय.